ग्राफिक कार्ड परत करायच्या आधी कॅबिनेटची बाजू उघडून बघा

मागच्या एप्रिलमध्ये माझं ग्राफिक कार्ड बिघडलं. पूर्ण बंद पडलं असतं तर सोपं होतं, बिल घेऊन गेलो असतो आणि विषय संपला असता, पण ते अर्धवट चालत होतं. सकाळी एकदम व्यवस्थित, दुपारी ३ नंतर गेम लावला की २० मिनिटांत स्क्रीन काळी आणि कार्डाचे फॅन फुल स्पीडला. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्ची, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीतच ३६-३७ डिग्री असतं. सर्व्हिस सेंटरला कार्ड नेऊन दिलं, ४ दिवसांनी परत आलं, कागदावर शेरा होता की दोष आढळला नाही. तिथे एसी चालू असतो आणि कार्ड टेबलावरच्या उघड्या बोर्डला लावून तपासतात, मग ते चालणारच ना. दुसऱ्या वेळी मी पुरावे गोळा करून गेलो आणि कार्ड बदलून मिळालं. पण ते नवीन कार्ड घरी लावलं तर तेही ८३ डिग्रीला जाऊन पोचलं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की भानगडी दोन होत्या, कार्डही खराब होतं आणि कॅबिनेटमध्ये हवाही खेळत नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या तर तुमच्या कितीतरी चकरा, दिवस आणि कुरिअरचे पैसे वाचतील, म्हणून पहिल्यांदाच पीसी जोडलेल्या लोकांसाठी सगळं नीट लिहून काढतोय.

सुरुवातीला स्वस्तातली कारणं बाजूला काढा

कार्डावर संशय घ्यायच्या आधी पॉवरची केबल बघा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटच मिळतात, बाकीची वीज एसएमपीएसमधून (म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय) येणाऱ्या केबलमधून येते, ६ पिनची असेल तर अजून ७५ आणि ८ पिनची असेल तर १५० वॅट. ती केबल अर्धवट बसली असेल तर कार्ड साध्या कामाला चालतं आणि लोड आला की मान टाकतं. नवीन १६ पिनच्या कनेक्टरचं तर फारच सांभाळा, २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या तेव्हा कंपनीने मुख्य कारण हेच सांगितलं होतं की कनेक्टर पूर्ण आत बसलेला नव्हता. टॉर्च लावून बघा, फट दिसता कामा नये. आणि एकाच केबलला दोन तोंडं असतात ती दोन्ही एकाच कार्डाला लावण्यापेक्षा एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल काढा.

यूपीएस हे आपल्याकडचं खास कारण आहे. बऱ्याच घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॅटच देऊ शकतो, त्यावर गेमिंग पीसी आणि मॉनिटर दोन्ही लावले तर गेमच्या मध्येच तो ओव्हरलोड होऊन सगळं बंद करतो आणि आपण कार्डाला दोष देत बसतो. ओळखायचं कसं, तर पूर्ण पीसी एकदम बंद पडला किंवा रीस्टार्ट झाला तर आधी यूपीएस आणि एसएमपीएसवर संशय घ्या (विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडेल, पण ती फक्त पीसी अचानक बंद झाला एवढंच सांगते, कारण सांगत नाही), आणि पीसी चालू राहून फक्त चित्र गेलं, आवाज येत राहिला, तर कार्ड किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). एक दिवस यूपीएस काढून थेट भिंतीतल्या अर्थिंगवाल्या सॉकेटला लावून बघा. गुरुवारी मात्र हा प्रयोग नको, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा तो वार, लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो.

ड्रायव्हरसाठी डीडीयू नावाचं फुकट टूल आहे, सेफ मोडमध्ये जाऊन त्याने जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा आणि कंपनीच्या साईटवरून नवीन टाकायचा. सर्व्हिस सेंटरवाले हा प्रश्न विचारतातच, त्यामुळे केलेलं असलेलं बरं.

स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा पट्टे येत असतील तर दोन गोष्टी करा. एक, पीसी चालू करून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जा, तिथेही ठिपके दिसत असतील तर विंडोजचा ड्रायव्हर तेव्हा चालूच झालेला नसतो, म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही. दोन, ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर उघडून बघा. स्क्रीनशॉटमध्ये ठिपके आले तर ते कार्डाकडून येतायत, स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर मॉनिटर किंवा केबल तपासा. माझ्या मावसभावाने २ आठवडे कार्डाच्या नावाने खडे फोडले आणि शेवटी खराब निघाली ती एचडीएमआय केबल.

आता खरी परीक्षा, बाजू बंद आणि बाजू उघडी

एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड टाका, दोन्ही फुकट आहेत. त्यात जीपीयू टेम्परेचर दिसेल आणि बऱ्याच कार्डांवर हॉटस्पॉट म्हणून वेगळा आकडा दिसेल, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. काही नव्या कार्डांवर हॉटस्पॉट दाखवतच नाहीत, तिथे मेमरीचं तापमान आणि फॅनचा स्पीड बघा. घरात साधा थर्मामीटर असेल तर कॅबिनेटच्या समोर ठेवा, कारण खोलीचं तापमान माहीत नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. फॅन तेवढ्याच वेगाने फिरत असेल आणि काम तेवढंच असेल तर खोली जेवढी तापते जवळपास तेवढंच कार्डही तापतं, डिसेंबरात २२ डिग्रीच्या खोलीत ६८ वर चालणारं कार्ड मेमध्ये ३७ डिग्रीच्या खोलीत ८३ ला जाणार, यात बिघाड काही नाही.

मग नेहमीचा गेम किंवा युनिजिन हेवन (कार्डावर लोड टाकणारी टेस्ट) अर्धा तास चालवा, कॅबिनेट पूर्ण बंद ठेवून, आणि आकडे वहीत लिहा. त्यानंतर बाजूची काच किंवा पत्रा काढा, खोलीतला पंखा होता तसाच ठेवा, परत अर्धा तास तोच गेम तीच सेटिंग. आता दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवून बघा.

माझ्या पहिल्या कार्डाचे आकडे होते बंद असताना ८४ आणि हॉटस्पॉट १०९, उघडल्यावर ७९ आणि १०५. म्हणजे बाजू उघडून फार फरक पडला नाही आणि दोन आकड्यांमधलं अंतर २५-२६ डिग्री तसंच राहिलं. हे अंतर साधारण १० ते १५ असतं, २५ च्या वर गेलं तर चिप आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट नीट पसरलेली नाही किंवा कूलर चिपवर नीट टेकलेला नाही असा दाट संशय घ्यायचा, आणि हा कार्डाचा दोष आहे, तुमचा नाही. असे दोष अगदी मोठ्या कार्डांतही निघतात, २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या रेडिऑन ७९०० एक्सटीएक्सच्या काही रेफरन्स (एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनच्या) कार्डांचं हॉटस्पॉट ११० ला जात होतं, तेव्हा एएमडीने कूलरच्या उष्णता पसरवणाऱ्या भागात, म्हणजे व्हेपर चेंबरमध्ये, दोष असल्याचं मान्य केलं होतं.

बदलून आलेल्या कार्डाचे आकडे बघा, बंद असताना ८३ आणि ९५, उघडल्यावर ७२ आणि ८४. अंतर १२, म्हणजे कार्ड उत्तम, पण बाजू उघडल्यावर ११ डिग्री उतरले, म्हणजे डब्यात कोंडमारा होत होता. बाजू उघडून ३-४ डिग्रीचाच फरक पडला तर कॅबिनेट ठीक आहे, ८-१० च्या वर पडला तर कॅबिनेटचं काम करायलाच हवं, कार्ड कितीही वेळा बदला उपयोग नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो, वॉरंटीत असलेलं कार्ड स्वतः उघडून पेस्ट बदलू नका. एखाद्या स्क्रूवर छोटं स्टिकर असतं, ते फाटलं की समोरचा माणूस पुढचं ऐकूनच घेत नाही. आणि आवाजाबद्दल, लोड आल्यावर कार्डातून चिर्रर्र असा बारीक आवाज येतो त्याला कॉइल व्हाइन म्हणतात, कानाला त्रास होतो हे खरं, पण त्यासाठी बहुतेक कंपन्या कार्ड बदलून देत नाहीत.

पुरावा घरीच तयार करा

सर्व्हिस सेंटरमध्ये बिघाड दिसेलच असं नाही, म्हणून तो घरीच मोबाईलवर शूट करा, आणि एकाच सलग व्हिडिओत कार्डाचा सीरियल नंबर, खोलीतला थर्मामीटर, स्क्रीनवर चालू असलेले आकडे आणि शेवटी काळी पडलेली स्क्रीन, हे सगळं आलं पाहिजे, तुकडे जोडलेला व्हिडिओ नको, बाजू उघडी ठेवून काढलात तर अजून चांगलं, कारण मग कॅबिनेटमध्ये हवा नव्हती असं म्हणायला जागाच उरत नाही. ओव्हरक्लॉक केलं असेल, म्हणजे कार्डाचा वेग मुद्दाम वाढवला असेल, तर सगळं मूळ सेटिंगवर आणा. मी दुसऱ्या वेळी असा ७ मिनिटांचा व्हिडिओ आणि आकड्यांचा कागद घेऊन गेलो, काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "दादा, एसीत नको, बंद कॅबिनेटमध्ये तासभर चालवून बघा, आणि हे जॉबशीटवर लिहून द्या." त्याने लिहिलं. तक्रार नेमक्या शब्दांत जॉबशीटवर (कार्ड जमा करताना भरतात तो कागद) उतरली पाहिजे, नुसतं कार्ड चालत नाही असं लिहिलं तर टेक्निशियन चालू करून बघतो, चालतंय म्हणतो आणि परत पाठवतो.

दुकान, कंपनी आणि कायदा

बिल शोधा. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर असेल तर अर्धं काम झालं. ऑनलाइन घेतलं असेल तर आधी रिप्लेसमेंटची मुदत बघा, ती थोड्या दिवसांचीच असते, ती गेली की कंपनीच्या वॉरंटीकडे जायचं. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं नसलेलं, बाहेरून आणलेलं कार्ड असेल तर इथे वॉरंटी नाकारली जाऊ शकते, स्वस्त मिळतंय म्हणून घेताना हे आधी विचारा.

दुकानातून घेतलं असेल तर आधी दुकानदाराशी शांतपणे बोला. बरेच दुकानदार चांगले असतात, स्वतः कार्ड पाठवतात. पण एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही अशी पाटी दाखवली तर घाबरून परत फिरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हेही त्यातच येतं. ऑनलाइन विक्रेत्यांना तर तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

तरी कोणी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, ते तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोचवतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, ऑनलाइन दाखल करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. बहुतेकांना इथपर्यंत जावं लागत नाही, पण सगळा व्यवहार ईमेलवर ठेवा, फोनवर झालेलं बोलणंसुद्धा संध्याकाळी दोन ओळींत ईमेल करून टाका.

कार्ड काढणं आणि पाठवणं

पीसी शटडाऊन करा, एसएमपीएसचा मागचा स्विच बंद, भिंतीतला बंद, मग पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज उतरेल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरेल. पॉवर केबल काढा, मागचे स्क्रू काढा, आणि स्लॉटच्या टोकाला प्लास्टिकची छोटी खिट्टी असते ती दाबा. नवीन लोक इथेच चुकतात, खिट्टी न दाबता कार्ड ओढतात आणि स्लॉट उखडतो. मोठ्या कार्डाखाली बोट जात नाही तिथे लाकडी आइस्क्रीमची काडी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको. सोनेरी पट्टीला बोटं लावायची नाहीत.

कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून मगच बबल रॅप, थेट बबल रॅप नको. मूळ खोका असेल तर तो दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून चारही बाजूंनी कागद किंवा फोम भरा, हलवल्यावर आत काही सरकलं नाही पाहिजे. जून ते सप्टेंबरमध्ये पाठवत असाल तर बाहेरून प्लास्टिकचा एक थर लागतोच. पॅक करतानाचा व्हिडिओ काढा, कार्डाच्या चारही बाजू आणि पोर्ट दिसले पाहिजेत, नंतर कोपरा वाकलेला होता असं कोणी म्हणू नये. जमत असेल तर स्वतःच नेऊन द्या. स्कूटरवर मांडीवर धरून नाही, सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळून.

मधल्या काळात पीसी चालेल का, तर प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स असेल तर हो, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा. इंटेलच्या मॉडेलच्या शेवटी एफ असेल तर ते नसतं, रायझन ५ ५६०० मध्येही नाही. कार्ड परत आल्यावर नवा सीरियल नंबर जॉबशीटशी ताडून बघा आणि वॉरंटी मूळ तारखेपासूनच मोजली जातेय का ते विचारून घ्या, बहुतेक वेळा तसंच असतं.

कॅबिनेटचं काम

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पैसे कमी लागतात आणि फरक रोज जाणवतो.

सुरुवात जागेपासून करा. टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून किंवा खिडकीतल्या उन्हात पीसी असेल तर आधी तो बाहेर काढा. मागे वीतभर जागा हवी, तिथूनच गरम हवा बाहेर पडते. मी एवढंच केलं, टेबलाच्या खणातून बाहेर काढून ठेवला, तर ४ डिग्री कमी झाले.

मग पुढचा पॅनेल बघा. पूर्ण काचेचा किंवा प्लास्टिकचा पॅनेल दिसतो छान पण हवा आत येणार कुठून? तो काढून तीच अर्ध्या तासाची टेस्ट करा, आकडे उतरले तर गुन्हेगार सापडला. जाळीचा पॅनेल असलेलं कॅबिनेट पुण्याच्या उन्हाळ्याला योग्य, पुढचं घेताना हे डोक्यात ठेवा.

बऱ्याच स्वस्त कॅबिनेटमध्ये मागे एकच फॅन येतो, तो हवा बाहेर फेकतो. तुम्ही पुढे दोन फॅन लावा, आत ओढणारे, त्यातला एक बरोबर ग्राफिक कार्डाच्या उंचीला. पुढून दोन आत, मागून एक बाहेर, बहुतेकांना एवढं पुरतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही. वरच्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात बाहेर फेकणारा फॅन लावू नका, तो पुढून आलेली थंड हवा कार्डापर्यंत पोचायच्या आधीच पळवतो. फॅनची दिशा अशी ओळखायची, ज्या बाजूला फ्रेमचे आडवे दांडे असतात तिकडून हवा बाहेर पडते. कागदाचा तुकडा धरून खात्री करा, माझ्या ओळखीतल्या दोघांचे पुढचे फॅन उलटे लागलेले होते.

फॅन घ्यायला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जाणार असाल तर एक काळजी घ्या, तिथे १२० मिलिमीटरचे दिसायला अगदी तसेच फॅन मिळतात पण ते पॅनेल बोर्डासाठीचे २३० व्होल्ट एसीवर चालणारे असतात. आपल्याला १२ व्होल्ट डीसी हवा, ४ पिनचा म्हणजे पीडब्ल्यूएम (वेग कमीजास्त करता येणारा) असेल तर उत्तम. मदरबोर्डवरचा फॅन हेडर (फॅनची पिन लावायची जागा) साधारण १ अँपियरचा असतो, फॅनच्या स्टिकरवर अँपियर लिहिलेले असतात, बेरीज करून मगच एका हेडरला दोन-तीन फॅन जोडणारा स्प्लिटर लावा. बायोसमध्ये पुढच्या फॅनचा वेग थोडा वर ठेवा. ते बऱ्याचदा प्रोसेसरच्या तापमानावर चालतात आणि गेममध्ये तापतं ग्राफिक कार्ड, मग फॅन निवांत फिरत राहतात आणि कार्ड भाजत असतं.

धुळीचं काय सांगायचं, गल्लोगल्ली बांधकामं चालू आहेत. पुढची जाळी महिन्यातून एकदा काढून नळाखाली धुवा, पूर्ण वाळवूनच लावा. आतली धूळ ब्लोअरने गच्चीत किंवा बाल्कनीत उडवा, उडवताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने वेड्यासारखं फिरून बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्टॅटिक तयार होतं.

शेवटी पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, त्यात पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. माझ्या कार्डावर गेममध्ये फरक जेमतेम जाणवला आणि तापमान ६ डिग्री उतरलं. पण हे दुखणं झाकण्यासाठी नको, आधी वॉरंटीचा प्रश्न मिटवा, मगच हे करा.

पुढे दोन फॅन, खणातून बाहेर काढलेला पीसी आणि ८० टक्के पॉवर, एवढ्यावर मेमधल्या दुपारी ३७ डिग्रीच्या खोलीत, बाजू बंद ठेवून, माझं कार्ड ६९ वर चालतंय. हे आकडे तारखेसकट कागदावर लिहून मी कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिकटवून ठेवलेत आणि दर मार्चच्या शेवटी तीच टेस्ट लावून त्याखाली नवीन ओळ लिहितो.